रत्नागिरीत हिवाळ्यातला पक्षीदिवस कसा आखायचा

भाट्याच्या खाडीत एका रविवारी सकाळी आठ वाजता दोनशे-तीनशे चिखल्या, तुतवार आणि टिलवे असे चिखलात चरणारे पक्षी एका पट्ट्यात दाटीने उभे असतात. पुढच्या रविवारी त्याच वेळी त्याच जागी जावं, तर चिखलात चार बगळे आणि लांबवर काही ठिपके. पक्षी गेलेले नसतात. पहिल्या रविवारी भरती चढत होती, दुसऱ्या रविवारी पाणी अर्ध्यावर होतं आणि पक्षी दोन-तीन किलोमीटर चिखलात पांगून चरत होते. कोकण किनाऱ्यावर पक्षी पाहायचे तर दिवसाचं वेळापत्रक पाण्याच्या हातात असतं. ते आधी समजून घ्यावं. दुर्बीण, पुस्तक, गाडी यांचा विचार नंतर केला तरी चालतो.

आधी तिथी, मग तारीख

खाडीकाठच्या माणसांचा जुना हिशोब आजही उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. त्रयोदशी असेल तर तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशोब एकच, फक्त अमावास्येला पंधरा धरायचे. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासापेक्षा थोडी जास्त उशिरा. या हिशोबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरूनच चालावं. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यात पाहावी. मात्र मुंबईची वेळ रत्नागिरीला जशीच्या तशी लावू नका. या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडे आधी येते, म्हणून मुंबईच्या वेळेवर विसंबलं तर पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं.

वेळेइतकंच पाणी किती चढणार याला महत्त्व आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. उधाणात चढतं पाणी चरणाऱ्या पक्ष्यांच्या पायाखालचा चिखल एकेक फूट गिळत येतं आणि त्यांना काठाच्या जवळ, एका जागी गोळा करतं. भांगाच्या दिवशी चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो, म्हणून पक्षी जवळ येत नाहीत.

हे सगळं जुळवलं की रत्नागिरीसाठी सर्वांत सोयीचे दिवस निघतात ते द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशी. भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान भरते, पाणी उधाणाकडे झुकलेलं असतं आणि सकाळचं ऊन पाठीशी असतं. सकाळ खाडीला द्यायची, उन्हं चढली की बंदर आणि किल्ला, संध्याकाळ सड्यावर, म्हणजे शहरामागच्या जांभ्याच्या कातळमाळावर. पुढचं सगळं वेळापत्रक अशाच दिवसासाठी आहे. हाताशी रविवारच असेल आणि त्या दिवशी चतुर्थी-पंचमी येत असेल तर दिवस उलटा करा: सकाळी सडा, दुपारी दोननंतर खाडी. अष्टमी आली तर खाडीचा हट्ट सोडून द्यावा. उजाडताना तासभर पाहून सड्याकडे वळावं.

महिना कोणता? किनाऱ्यावरचे पाहुणे ऑगस्टच्या अखेरीपासून उतरू लागतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, तोवर बहुतेक मंडळी आलेली असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भर. ओळख शिकायची असेल तर मार्चचा मध्यही फार चांगला, कारण परतीच्या आधी चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढायला लागतो आणि हिवाळाभर सारख्या वाटणाऱ्या जाती एकमेकींपासून वेगळ्या दिसू लागतात.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी जास्त चांगली, असं दुकानात ऐकवलं जातं. पण किनाऱ्यावर वारा असतो, हात हलतो आणि दहापटीत तो थरथराटही दहापट होतो. शिवाय ८× मध्ये दृश्य रुंद येतं, त्यामुळे उडता सुरय (टर्न) लवकर सापडतो. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण असेल तर किनाऱ्यावर त्याचं सोनं होतं. भिंगाचा व्यास ६५ मिलिमीटर पुरे, आणि २० ते ६०पट झूममध्ये प्रत्यक्षात २५ ते ३०च वापरलं जातं. त्यापुढे पुळणीवरची वाफ तेवढी मोठी होऊन दिसते.

दुर्बीण डोळ्यांना लावून घेणं हे काम घरीच करावं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या आत फिरवा, नसेल तर बाहेर काढा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग वीस-तीस मीटरवरची पाटी निवडा. उजवं भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने पाहत मधल्या चाकाने पाटीवरची अक्षरं स्वच्छ करा. आता डावं भिंग झाका, आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. दुसऱ्याची दुर्बीण तासभर वापरून डोकं धरतं, त्याचं कारण बहुतेक वेळा ही कडी असते.

समुद्राची खार भिंगावर बसते आणि पहिली चूक तिथेच होते. रुमालाने पुसलं की मिठाचे आणि वाळूचे कण भिंगावर घासले जातात आणि लेप कायमचा ओरखडतो. आधी हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने कण उडवा, मग भिंगाच्या कापडाला गोड्या पाण्याचा किंचित ओलावा देऊन आतून बाहेर गोल पुसा. गाडीत एसी लावून आलात तर उतरल्याबरोबर भिंगावर वाफ धरते. खाडी यायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली कराव्यात.

बाकी सामान थोडकंच. माणशी दोन लीटर पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे, पट्टा असलेल्या जुन्या सँडल, छोटी वही आणि पेन्सिल. पेन दमट कागदावर अडतो. पांढरा शर्ट नको, उघड्या पुळणीवर तो सगळ्यात आधी दिसतो. न्याहारीला घावणे नाहीतर आंबोळ्या डब्यात असाव्यात, कारण भरती चढत असताना हॉटेलात जाऊन बसणं म्हणजे सकाळचा सर्वांत चांगला तास घालवणं.

पावणेसात ते दहा: भाट्ये

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास असतो. पावणेसातला भाट्याच्या पुलापलीकडे, म्हणजे खाडीच्या दक्षिण काठावर पोचलेलं असावं. दक्षिण काठच का? हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. राजिवड्याच्या बाजूने दक्षिणेकडे पाहिलं तर पाणी चकाकतं आणि प्रत्येक पक्षी काळी सावली होतो. भाट्याच्या बाजूने उत्तरेकडे पाहिलं तर ऊन पाठीवर राहतं आणि पायांचे रंग ओळखता येतात. किनाऱ्यावरच्या निम्म्या ओळखी पायांवर ठरतात, तेव्हा ही साधी गोष्ट फार मोलाची आहे. पुलावर मात्र उभं राहू नये. वाहनं सतत असतात आणि प्रत्येक ट्रकबरोबर पूल थरथरतो, स्कोपमध्ये काही दिसत नाही.

पहिला अर्धा तास खाडीच्या आतल्या बाजूला, कांदळवनाच्या कडेला द्या. तिवर आणि चिपीच्या झाडांवर खंड्या बसलेला असतो. तो साधाच असेल असं धरून पुढे जाऊ नका. डोकं काळं, गळपट्टा पांढरा आणि पोट नारिंगी दिसलं तर तो काळ्या डोक्याचा खंड्या, खास खाडीचा रहिवासी. चिखलाच्या कडेला ओणवा होऊन बसलेला राखी-हिरवट छोटा बगळा म्हणजे कांदळ बगळा. तो इतका स्थिर असतो की नजर दोनदा वरून जाते. समुद्र बगळा इथे नेहमीचा. गडद राखी रंगाचा असेल तर ओळख सोपी, पण तो पांढऱ्या रूपातही येतो आणि लहान बगळ्यासारखा वाटतो. चोच पाहा. लहान बगळ्याची काळी आणि बारीक, समुद्र बगळ्याची जाडसर, मातकट पिवळी आणि टोकाकडे किंचित वाकलेली.

साडेसातनंतर खाडीच्या मुखाकडे, जिथे वाळूचा दांडा आहे तिकडे चालत जा. चढत्या पाण्यात पक्षी आतून बाहेर याच बाजूला सरकत येतात. पाण्याच्या रेषेवरून चालू नका, सुरूच्या झाडांच्या कडेने चाला. शंभर मीटर अलीकडे थांबा आणि शक्य असेल तर खाली बसा. उभ्या माणसाची आकृती पक्ष्यांना खटकते, बसलेल्याची तेवढी नाही. पाच मिनिटं काही करू नका. मग पंचवीस-तीस पावलं, पुन्हा थांबा. सरळ त्यांच्यावर चालून न जाता तिरकं जा.

आपण जास्त जवळ आलो हे पक्षीच सांगतात. आधी चरणं थांबतं आणि माना वर होतात. मग सगळे एका दिशेने चालू लागतात. नंतर टिलव्याची तीक्ष्ण हाक येते, आणि त्यानंतर थवा उडतो. माना वर झाल्या तिथेच आपण थांबायला हवं. भरतीचे दोन-तीन तास हा या पक्ष्यांचा विश्रांतीचा वेळ असतो. त्यांचं ताट पाण्याखाली गेलेलं असतं आणि पुढची ओहोटी येईपर्यंत त्यांना अंगातली ताकद वाचवायची असते. फोटोसाठी चार वेळा उठवलेला थवा जी चरबी जाळतो, तीच त्याला परतीच्या प्रवासाला हवी असते. पुळणीवर मोकाट कुत्री आणि सुसाट धावणाऱ्या गाड्या हे काम करतातच. पक्षी पाहणाऱ्यांनी त्यात भर घालू नये.

चिखल्यांचा गोंधळ

वाळूवर धावून थांबणारे, पुन्हा धावणारे, तपकिरी पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे छोटे पक्षी पाहून नवखा माणूस हात टेकतो. क्रमाने गेलं तर अवघड नाही. पहिला प्रश्न: मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरली आहे का? फिरली असेल तर केंटिश चिखल्या, लहानखुरा आणि फिकट. पट्टी नसेल, पाठ गडद असेल आणि पक्षी जरा भरलेला वाटत असेल तर तो वाळू चिखल्या. पूर्वी ज्याला छोटा वाळू चिखल्या म्हणत त्याचे आता सैबेरियन आणि तिबेटी असे दोन भाग झाले आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो तो तिबेटी. मोठा वाळू चिखल्या त्याच थव्यात असतो. त्याची चोच लांब आणि जड, पाय लांब, आणि पाय जास्त करून पिवळट-हिरवट. एकटा दिसला तर मोठा की छोटा हे ठरवणं धोक्याचं. दोघे शेजारी उभे राहीपर्यंत थांबा.

लाटेबरोबर खाली धावणारी आणि लाट आली की परत वर पळणारी पांढुरकी टोळी दिसली तर ती सँडरलिंग. इतक्या शिस्तीत दुसरं कुणी हा खेळ करत नाही. शेपूट सतत वरखाली करणारा, एकटा आणि खांद्यापुढे पांढरी खाच असलेला तो साधा तुतवार. लाल पायांचा टिलवा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसते. हिरव्या टिलव्याच्या पंखावर काही नसतं, पण पाठीवर पांढरा त्रिकोण वर घुसलेला असतो आणि तो ‘तिउ-तिउ-तिउ’ असं तीनदा ओरडतो. चोच वर वळलेली आणि पाय आखूड पिवळे असतील तर टेरेक तुतवार. लांब, खाली वाकलेल्या चोचीच्या दोघांत डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेला छोटा कोरल. मोठ्या कोरलाचं डोकं साधं आणि चोच डोक्याच्या तिप्पट लांब. छोट्या कोरलाची सात-आठ सुरांची सलग शीळ एकदा कानात बसली की पुढे खाडीवर पोचण्याआधीच तो आहे हे कळतं.

पायात रंगीत चकती, म्हणजे फ्लॅग असलेला पक्षी दिसला तर बाकी सगळं सोडून तोच पाहा. कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, दोन असतील तर वर कोणता आणि खाली कोणता, अक्षरं किंवा आकडे. एवढं त्याच जागी वहीत लिहा. घरी जाऊन आठवू, असं म्हटलं की डावा-उजवा उलटतोच. फोटो धूसर असला तरी चालेल. ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावी. १८८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेनेच आपल्याकडे पक्ष्यांना कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे.

मोजायचं कसं

‘भरपूर’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. तीन-चारशेच्या वर थवा असेल तर पन्नासाचा तुकडा धरा. दोनदा मोजा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. आकडे जवळ आले तर मधला घ्या. नवख्यांची मोजणी जवळजवळ नेहमी कमी भरते, कारण मागचे पक्षी पुढच्यांच्या आड असतात. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा घ्या, मग वीस-वीसच्या चार-पाच नमुन्यांत कुठली जात किती आहे ते पाहा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर खाडी, किल्ला आणि सडा यांच्या तीन वेगळ्या याद्या करा. दिवसभराची एकच यादी केली तर कुठला पक्षी कुठे होता हे हरवतं. जात ठरली नसेल तर ‘चिखल्या, जात अनिश्चित’ अशी नोंद करता येते. ती कमीपणाची नाही. चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी बरी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशा सवयीने मोजणारी माणसं तिला हवीच असतात.

साडेदहा ते साडेबारा: मिरकरवाडा आणि रत्नदुर्ग

दहानंतर पाणी उतरायला लागतं, पक्षी पुन्हा पांगतात आणि वाळू तापून वाफ धरते. आता शहर ओलांडून मिरकरवाडा बंदराकडे जायचं. मासळी उतरते तिथे घारी, ब्राह्मणी घारी, कावळे आणि कुरव (सीगल) यांची झुंबड असते. कुरव शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण ते पंधरा-वीस मीटरवर येतात. धक्का ओला आणि निसरडा असतो, मासळीच्या टोपल्या घेऊन माणसं धावत असतात. वाटेत स्कोप मांडू नका, एका कडेला दुर्बिणीवरच काम करा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. तटरक्षक दलाच्या बोटी आणि इमारतींकडे कॅमेरा वळवू नये.

कुरवांची नावंच आधी फसवतात. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव या दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी असतात, कानापाशी एक काळा ठिपका उरतो. म्हणून डोकं सोडा आणि पंखाचं टोक पाहा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड, मनगटापासून टोकापर्यंत, लांब पांढऱ्या पाचरीसारखी असते आणि काळा रंग फक्त टोकाच्या किनारीला. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक ठसठशीत काळं आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके, आरशासारखे. तो अंगाने थोडा मोठा, चोच जाड. प्रौढ असेल तर डोळा फिकट, त्यामुळे चेहरा जरा रागीट वाटतो. इथे एक खड्डा आहे. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा डोळा गडद असतो आणि ते पांढरे ठिपकेही नसतात. ठिपके नाहीत म्हणून त्याला काळ्या डोक्याचा ठरवू नका, काळ्याचा पसारा किती मोठा आहे ते पाहा. बसलेल्या पक्ष्यात हे काही दिसत नाही, तो पंख ताणेपर्यंत वाट पाहायची. मासळीवर झडप घालणारा पक्षी हवेत क्षणभर थांबतो, त्या क्षणी पंखाचं टोक पूर्ण उघडतं.

दोघांहून बराच मोठा, गडद राखी पाठीचा, पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असलेला तो ह्यूग्लिनचा कुरव. अशा मोठ्या कुरवांना प्रौढ होईपर्यंत चार वर्षं लागतात आणि दर वर्षी पिसारा बदलतो. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत त्यांच्या पिल्लांच्या मागे लागू नये, हा आमचा स्पष्ट सल्ला.

थोडं वाऱ्याकडेही लक्ष द्या. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. बसलेले कुरव आणि सुरय वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणजे पुळणीवरून पाहताना ते आपल्याकडे तोंड करून असतात. छाती-चेहरा नीट दिसतो, पाठ दिसत नाही. अकराच्या सुमारास खारा वारा सुरू झाला की सगळा थवा वळतो आणि पाठी दिसू लागतात. सुरयांच्या ओळखीत चोचीचा रंग मोठा आधार. मोठ्या तुरेवाल्या सुरयाची चोच लिंबासारखी पिवळी, छोट्या तुरेवाल्याची नारिंगी, कॅस्पियनची जाडजूड लाल, कुरवचोच्याची आखूड काळी.

मग रत्नदुर्ग. भगवती मंदिराच्या बाजूच्या तटावरून किंवा दीपगृहाकडच्या टोकावरून पश्चिमेला समुद्र पाहायचा. दुपारपर्यंत ऊन इथे त्रास देत नाही. उष्ण हवा कड्यावरून वर चढायला लागते तशी समुद्र गरुडाची जोडी दिसण्याची शक्यता वाढते. पोट पांढरं, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, पंख घिरट्या घालताना इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ. काटक्या घेऊन उडताना दिसला तर त्याच्या मागे जाऊन घरटं शोधू नका, आणि सापडलं तर त्याची जागा सार्वजनिक ठिकाणी लिहू नका. ब्राह्मणी घारीचं पिल्लू तपकिरी असतं आणि साध्या घारीसारखं वाटतं, पण साध्या घारीची शेपूट दुभंगलेली, ब्राह्मणीची गोल. तटाच्या दगडांवर एकटाच ताठ बसलेला, निळसर-काळा, कस्तुराच्या घडणीचा पक्षी दिसला तर तो निळा कस्तुर. हिवाळ्यातला पाहुणा असून रोज त्याच दगडावर येऊन बसतो. घाई केली तर उडून कड्याखाली जातो, दहा मिनिटं थांबलं तर परत येतो.

दुपार

साडेबारा ते साडेतीन आराम करा. सकाळच्या नोंदी पूर्ण कराव्यात आणि जेवावं. माड-पोफळीच्या एखाद्या वाडीत सावलीला जागा मिळाली तर बसल्या बसल्या हळद्या, राखी कोतवाल, स्वर्गीय नर्तक, तांबट दिसतात. वाडी खाजगी असते, विचारून आत जावं. पाटाच्या पाण्यावर परीट येतात. वायंगणी शेतीच्या ओल्या बांधांवर पिवळा परीट आणि वंचक हमखास.

साडेतीन ते अंधार: सडा

किनारा एवढा गाजतो की शहराच्या पाठीवरचा सडा लोक विसरतात. पावसाळ्यात फुलांनी भरलेला हा जांभ्याचा कातळ डिसेंबरात सोनेरी गवताचा माळ होतो आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचं मोल खाडीइतकंच आहे. चंपक मैदानाकडचा भाग, कुवारबाव-मिरजोळ्याच्या वरचे माळ, शिरगावच्या वरचा कातळ, कुठेही चालेल. विमानतळाच्या कुंपणाजवळ दुर्बीण, कॅमेरा काढू नका. तो तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे आणि पहाऱ्यावरच्या माणसाला तुम्ही चंडोल पाहताय हे लांबून कळत नाही.

गाडी रस्त्यालाच ठेवा. गवतातून चालताना ऊन पाठीशी राहील अशी, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे दिशा धरा. बुजगावण्यासारखं मधोमध उभं राहू नका, कडेच्या करवंदीच्या जाळीचा आडोसा घ्या. जमिनीवरून उडून लगेच पुन्हा बसणाऱ्या तपकिरी पक्ष्यांत तुरा असेल तर मलबारी चंडोल. चोच जाड आणि नराचं पोट काळं असेल तर डोंबारी. सडपातळ, लांब पायांची, धावताना शेपूट हलवणारी ती तीरचिमणी. झुडपाच्या शेंड्यावर बसून खाली उडी मारणारा, परत तिथेच येणारा गप्पीदास. एका जागी हवेत पंख फडफडवत थांबलेली खरूची. कातळावर डोळ्यांपुढे पिवळी कातडी लोंबणारी, काळ्या टोपीची माळटिटवी, गवतात असली तर चालल्याशिवाय दिसत नाही.

जुन्या चिरेखाणी चुकवू नका. चिरा काढून झालेल्या खड्ड्यांत जानेवारीपर्यंत पाणी टिकतं आणि आसपासच्या माळावरचे पक्षी तिथे पाणी प्यायला येतात. खाणीच्या कडेपासून चार-पाच मीटर मागे बसा. कड ठिसूळ असते आणि चिऱ्याचा उभा काप वीस-पंचवीस फूट खाली जाऊ शकतो. कातळावर कोरलेली कातळशिल्पं दिसली तर त्यावर पाय देऊ नका. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, तरी त्यातली कित्येक अजून उघडीच आहेत.

साडेपाचनंतर नजर गवताच्या वर सहा-सात फुटांवर ठेवा. भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात ते या उंचीवरून, पंख किंचित वर धरून, डुलत. नर फिकट राखी. पंखावर आडवी काळी रेघ असेल तर मॉन्टेग्यूचा, रेघ नसून टोकाला फक्त अरुंद काळी पाचर असेल तर पांढुरका. माद्या आणि पिल्लं तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. त्यांच्यात नाव ठरवायला मानेभोवतीची फिकट कॉलर आणि पंखाखालच्या पट्ट्या पाहाव्या लागतात, तेही चांगला फोटो असेल तर. नाहीतर ‘भोवत्या’ एवढंच लिहावं. हे पक्षी रात्र काढायला गवतात जमिनीवर उतरतात. कुठे उतरले ते दिसलं तर दोनशे मीटरच्या आत जाऊ नका आणि तिथल्या तिथे बसून मोजा. सड्यावरच्या गवताला आगी लावतात तेव्हा सर्वांत आधी जाते ती हीच जागा. उद्या त्या माळाबद्दल कुणाशी बोलायची वेळ आली तर तारीख, वेळ आणि आकडा असलेली तुमची नोंद हाच पुरावा असतो.

सव्वासहाच्या आसपास सूर्य बुडतो. शेवटचा भोवत्या उतरल्यावर अजून पंधरा मिनिटं थांबा, मगच उठा. परतताना गाडी वीसच्या वेगाने, दिवे खाली टाकून चालवा. तापलेल्या डांबरावर आणि कातळावर रातवे येऊन बसतात, आणि त्यांचा लाल डोळा दिव्यात निखाऱ्यासारखा चमकतो. तो दिसला की गाडी थांबवा, प्रखर झोत बंद करा. डोळे दिपलेला रातवा उडत नाही, चाकाखाली तसाच बसून राहतो. दिवे मंद केले की काही क्षणांत तो आपणहून कडेला उडतो.